बेटावरचं शून्य

टेंभुर्णी, ९ फेब्रुवारी

चेतना,

आधी 'चिरंजीव' लिहिलं होतं, मग कागद बदलला. माझ्याकडून तो शब्द तुला आता चालेल की नाही, कळेना. पत्ता मी मावशीकडून हट्टाने घेतला, तिच्यावर रागावू नकोस. फोन तू उचलत नाहीस. पत्र निदान दाराच्या आत तरी येतं.

मी बरा आहे. सोलापूरच्या घराला कुलूप लावून महिन्यातले दहा-बारा दिवस टेंभुर्णीला एका खोलीत राहतो. निवृत्त मास्तराला काम मिळालं आहे, आणि तेही पक्षी बघण्याचं. उजनी धरणाच्या पाण्यावर तरंगते सोलर पॅनल बसवायचं चाललं आहे. शेकडो एकर पाणी झाकलं जाईल. त्याआधी त्या पाण्यावर कोण कोण राहतं, खातं, अंडी घालतं, हे वर्षभर दर महिन्याला मोजायचं. मोजणारी संस्था पुण्याची आहे आणि कामाचा प्रमुख आपला हृषीकेश. आठवतो का? माझ्या नववीच्या वर्गात पहिल्या बाकावर बसायचा, बेडकाचं चित्र काढताना रडला होता तो. आता चौतिशीचा आहे, दाढी ठेवली आहे. त्याने घरी येऊन सांगितलं, "सर, माणसं मिळतील, पण तुमच्यासारखी नजर मिळणार नाही." मी लगेच हो म्हटलं.

पाण्यावर नकाशात सरळ रेघा आखल्या आहेत. होडी त्या रेघेवरून हळू न्यायची आणि दोन्ही बाजूंना दिसेल तो पक्षी कागदावर उतरवायचा. पूर्वेकडच्या रेघा हृषीकेश बघतो, पश्चिमेकडच्या मी. माझी होडी शहाजी चालवतो. पन्नाशीचा आहे, मासेमारी करतो, या पाण्यावरच वाढला. त्याला पक्ष्यांची पुस्तकातली नावं ठाऊक नाहीत, पण कोण कुठं बसतं ते पाठ आहे. तो ओरडून सांगतो आणि मी लिहितो. समुद्रावरचे कुरव पक्षी इथल्या गोड्या पाण्यावर हिवाळा काढतात. गुलाबी रोहित पक्षी आहेत, पट्टकादंब आहेत. तुला लहानपणी हिप्परग्याच्या तळ्यावर नेलं होतं, तेव्हा तू कादंबांना 'पट्टेवाली बदकं' म्हणायचीस.

एक गोष्ट पुन्हा लिहितो, कारण तू ती कधी पूर्ण ऐकून घेतली नाहीस. आईचा रिपोर्ट तुझ्यापासून लपवायचं मी एकट्याने ठरवलं नव्हतं. "चेतनाची सी.ए.ची परीक्षा होऊ दे, मग सांगू," असं तुझी आई, प्रभाच म्हणाली होती. सव्वादोन वर्षं झाली. तुझा राग माझ्यावर आहे, तो असू दे. पण हे लक्षात घे.

अक्षर थोडं वाकडं आलं असेल. इथलं टेबल हलतं.

बाबा


टेंभुर्णी, १४ मार्च

चेतना,

उत्तर येईल असं धरलं नव्हतंच. तरी पोस्टमन दिसला की विचारतो.

पाणी उतरायला लागलं आहे. उन्हाळ्यात उजनीचं पाणी रोज मागं सरकतं आणि मधेमधे गाळाचे, खड्यांचे उंचवटे उघडे पडतात. शहाजी त्यांना बेटं म्हणतो. माझ्या चार नंबरच्या रेघेच्या पट्ट्यात असंच एक लांबट बेट वर आलं आहे. त्याच्यावर नदी सुरय घिरट्या घालतात. पांढराशुभ्र पक्षी, पिवळीजर्द चोच, काळी टोपी. बहुधा अंडी घालतील. घातली तर पॅनलवाल्यांना तो भाग सोडावा लागेल, म्हणून एप्रिलमध्ये मला बेटावर उतरून घरटी मोजायची आहेत.

दुर्बिणीची काच खराब झाली असावी. मधोमध धुरकट दिसतं. मी ती दोनदा पुसली. हृषीकेशने दुसरी दिली, तीही तसलीच निघाली. हल्ली वस्तूंना दर्जा राहिला नाही.

काल खोलीवर आंघोळ करताना समोरच्या फरश्यांच्या सांध्यांकडे बघत होतो. रेघा मधे खचल्यासारख्या दिसल्या. बांधकाम कच्चं आहे. मग खिडकीतून विजेचा खांब पाहिला, तोही मधे वाकलेला. मी बराच वेळ टॉवेल गुंडाळून तिथंच उभा राहिलो.

हे तुला का लिहितो आहे, माहीत नाही. बाकी सगळं ठीक. जेवण वेळेवर होतं. तू काळजी करतेस असं नाही, पण सांगून ठेवतो.

बाबा


टेंभुर्णी, १२ एप्रिल

चेतना,

हे पत्र वाचलंस तर मावशीला काही सांगू नकोस. कुणालाच सांगू नकोस.

परवा त्या बेटावर उतरलो. सकाळचे नऊ वाजले होते, ऊन एव्हाना कडक झालेलं. शहाजी होडी धरून कडेला थांबला, कारण वारा होता आणि नांगर टाकायला जागा नव्हती. मी एकटाच वर गेलो. वीस-पंचवीस पावलं चाललो असेन, तोवर डोक्यावर सुरयांनी आकांत मांडला. एकाने टोपीवर चोच मारली, दुसऱ्याने मारली. तीस वर्षं पक्षी बघणाऱ्याला याचा अर्थ कळत नाही असं नाही. मी त्यांच्या घरट्यांच्या मधोमध उभा होतो.

सुरय घरटं बांधत नाही. जमिनीवर जरासा खोलगट खळगा करतो आणि त्यात खड्यांसारखीच ठिपक्यांची अंडी घालतो. चांगल्या नजरेलाही ती पटकन सापडत नाहीत. मी खाली बघितलं. मला खडे दिसले. जिथं नजर रोखावी तिथं मधोमध एक राखाडी डाग, आणि कडेकडेने खडे. सगळे सारखे.

मी एक पाऊल पुढं टाकलं आणि बुटाखाली काहीतरी फुटलं.

आवाज अगदी बारीक होता. पण पायाला कळलं. मी वाकलो, हात लावला. बोटांना ओलं, चिकट लागलं, आणि त्या ओल्यात काहीतरी मऊ हललं. आत पिल्लू तयार झालेलं होतं.

त्यानंतर मला पाय उचलता येईना. खरं सांगतो, चेतना, उचलताच येईना. पुढं टाकला तर कुणावर पडेल? मागं टाकला तर? आलो कुठून, तेही दिसत नव्हतं. वरून पक्षी किंचाळत होते, मानेवर ऊन लागत होतं, आणि मी एकोणसाठ वर्षांचा माणूस एका पायावर भार देऊन तसाच उभा. अर्धा तास तरी गेला असेल. वर बसून सावली करणारे पक्षी उठलेले, म्हणून त्यांची बाकीची अंडी भाजत असतील, मी इथून हललं पाहिजे, हेही कळत होतं. शेवटी गुडघ्यावर बसलो आणि तळहातांनी जमीन चाचपत, वीत वीत जागा मोकळी आहे का बघत, रांगत पाण्यापर्यंत आलो.

शहाजी लांबून ओरडला, "गुरुजी, काय झालं? काय सापडलं का?"

मी म्हणालो, "चष्मा पडला होता."

चष्मा नाकावर होता. मी बूट पाण्यात धुतले.

संध्याकाळी कागद भरायला बसलो. 'घरटी: किती' असा रकाना आहे. 'मोजता आली नाहीत' असा रकाना नाही. मोठा आकडा घातला असता तर हृषीकेश दुसऱ्या दिवशी बघायला आला असता आणि म्हणाला असता, दाखवा सर. मी शून्य लिहिलं. शेऱ्यात लिहिलं, 'पक्षी केवळ विश्रांतीसाठी.' खाली सही केली.

डाव्या डोळ्यात तो डाग गेल्या दिवाळीपासून आहे. उजव्यात जानेवारीच्या शेवटी आला. ज्याच्याकडे सरळ बघावं तेच नाहीसं होतं. समोरच्या माणसाचे कान दिसतात, चेहरा दिसत नाही. तुझा फोटो भिंतीवर आहे. त्याची चौकट दिसते.

डॉक्टरकडे गेलो नाही. ते डोळ्यात सुई मारतात असं ऐकलं आहे. आणि सुई मारूनही 'आता उपयोग नाही' म्हणाले तर? न गेल्याने निदान ते वाक्य तरी ऐकावं लागत नाही. हा विचार किती मूर्खपणाचा आहे ते मला कळतं. मी विज्ञान शिकवलं आहे.

टेबल हलत नाही. फेब्रुवारीतही हलत नव्हतं.

बाबा


टेंभुर्णी, ६ मे

चेतना,

बसून सगळं क्रमाने लिहितो. मधेच थांबलो तर पुन्हा लिहिणार नाही.

एप्रिलच्या शेवटच्या फेरीत होडी त्या बेटाजवळून चालली होती. शहाजी म्हणाला, "गुरुजी, हितं सिमिटचे ठोकळे टाकायचे हायेत म्हणं. चार तारखेला. पाणी खाली हाय तवर."

पॅनल वाऱ्याने वाहून जाऊ नयेत म्हणून दोरांनी तळाशी बांधतात. त्या दोरांचे ठोकळे, एकेक म्हशीएवढा. पाणी उतरलेलं असताना ते उघड्या जमिनीवर मांडून ठेवायचे, म्हणजे पाणी चढलं की आपोआप तळाशी. मला पुढं ऐकू येईना. कुठल्या कागदावरून ती जागा ठरली असेल ते विचारायची गरजच नव्हती. त्या पट्ट्यात घरटी शून्य.

मी म्हणालो, "असं होय."

शहाजीने इंजिन बंद केलं. होडी वाऱ्याने डुलायला लागली. मला ते डुलणं आता सोसत नाही, लाट येताना दिसत नाही, एकदम आदळते. मी फळी घट्ट धरली. तो म्हणाला, "गुरुजी, त्या बुडक्या बाभळीच्या खुटावर कोण बसलंय?"

मी तिकडं तोंड केलं. डागाच्या कडेला काळं काहीतरी होतं.

"पाणकावळा," मी म्हणालो.

"कोण?" त्याने पुन्हा विचारलं.

"मोठा पाणकावळा. पंख वाळवतोय."

"खुटावर कोणच न्हाय, गुरुजी."

चेतना, मी आयुष्यात खूप वेळा घाबरलो आहे. पण असा नाही. भर उन्हात, स्वच्छ पाण्यावर, एका माणसाने मला उघडं केलं होतं आणि पळायला चारी बाजूंनी पाणी.

"तुमाला दिसत न्हाय की," तो म्हणाला. रागाने नाही. "मला लई दिवस वाटत हुतं. मी वरडतो तेवढंच तुमी लिवता. मी गप बसलो की तुमचा पेन बी गप."

मी त्याला म्हणालो, "हृषीकेशला सांगू नकोस."

"म्या न्हाय सांगत. पर त्या बेटावर अंडी हायेत. माझी बायको जाळी टाकाय जाती, तिनं बगितल्यात. तुमी काय लिवलंय?"

मी सांगितलं.

त्याने बराच वेळ हातातली दोरी गुंडाळली, सोडली, परत गुंडाळली. मग इंजिन चालू केलं. काठ आला. उतरताना त्याने माझा हात धरला, पहिल्यांदाच, आणि मी तो धरू दिला.

त्यानंतर चार दिवस मी काही केलं नाही. हे लिहायला लाज वाटते, पण हेच खरं आहे. रोज ठरवायचो, आज सांगू. मग वाटायचं, हृषीकेशचं नाव खराब होईल, त्याने माझ्या आकड्यांवर सही केली आहे. मग वाटायचं, ठोकळे कदाचित येणारच नाहीत. तीन तारखेला दुपारी शहाजी आणि त्याची बायको तानाबाई दोघंही खोलीवर आले. तानाबाई उंबऱ्यातच उभी राहिली. म्हणाली, "गुरुजी, ठोकळं काल सांजच्यालाच आलं. तराफ्यावरनं उतरिवत्यात. पाखरं लई वरडाय लागल्यात. तुमी काय तर करा की."

मी चप्पल घालून स्टँडजवळच्या हॉटेलात गेलो. हृषीकेश तिथं जेवत होता. त्याच्यासमोर बसलो आणि सांगितलं.

"सर, चेष्टा करताय?"

"नाही."

"बेटावरचं शून्य?"

"खोटं आहे."

"बाकीचे कागद?"

"शहाजीने ओरडून सांगितलेले खरे. उरलेले अंदाज."

त्याने ताट बाजूला सरकवलं. मला त्याचा चेहरा दिसत नव्हता, आणि त्या क्षणी, खरं सांगू, मला त्याचं बरं वाटलं. "कधीपासून?" त्याने विचारलं.

"दिवाळीपासून."

"म्हणजे मी तुमच्या घरी आलो, तेव्हा तुम्हाला माहीत होतं."

"हो."

तो उठला. हात न धुताच फोन लावत बाहेर गेला.

चार तारखेला उजाडताच आम्ही बेटावर गेलो. मी आलो नाही तरी चालेल, असं तो म्हणाला. मी गेलो. शहाजी पुढं, त्याने ठेवलेल्या पावलावर माझं पाऊल, आणि मागं तानाबाई माझा सदरा धरून. शहाजी मोजत गेला, हृषीकेश लिहीत गेला. एक्केचाळीस घरटी. काहींत पिल्लं, उन्हात चोच उघडून बसलेली, असं तानाबाई मला हळूच सांगत होती.

उत्तरेच्या टोकाला सहा ठोकळे उतरवून झाले होते. त्यांच्यावर सुरय तरंगत होते. एकाच्या चोचीत मासा होता, असं तानाबाई म्हणाली. तो खाली यायचा, ठोकळ्यावर टेकायचा, उडायचा, परत यायचा. त्याची चोच पिवळी असल्यामुळे मला तेवढं दिसलं.

हृषीकेशने विचारलं, "इथं किती होती?"

कुणाला माहीत नव्हतं. आता कधीच कुणाला माहीत होणार नाही. ती मोजायची होती मी, आणि माझ्या कागदावर शून्य आहे.

काम थांबलं आहे. पिल्लं उडेपर्यंत बेटाला हात लावायचा नाही, आणि तो पट्टा वगळायचा की नाही ते नव्याने मोजून ठरवायचं. कंपनी चिडली आहे. माझे तीन महिन्यांचे कागद रद्द. हृषीकेशने स्वतःच्या नावाने पत्र लिहिलं की चूक आमची आहे. माझं नाव त्यात घातलं नाही. निघताना तो एवढंच म्हणाला, "सर, तुम्ही मला सांगितलं असतंत तर मी तुमच्या शेजारी एक माणूस बसवला असता. इतकंच लागलं असतं."

या वाक्यावर मी दोन दिवस बसून आहे. कारण हे मी आधी ऐकलं आहे. तू स्मशानातून आल्यावर, पायऱ्यांवर. "मला सांगितलं असतंत तर मी फक्त तिच्याजवळ बसले असते, बाबा. इतकंच."

आता तेही लिहितो. फेब्रुवारीच्या पत्रात मी लिहिलं की प्रभा म्हणाली होती, परीक्षा होऊ दे. ती तसं म्हणाली नव्हती. रिपोर्ट सत्तावीस ऑक्टोबरला आला. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, तीन आठवडे. मी तो कपाटात साड्यांच्या खाली ठेवला. तुला सांगितलं नाही आणि तिलाही सांगितलं नाही. पण तिला कळलं असावं, कारण नोव्हेंबरच्या सात तारखेपासून ती रोज विचारायला लागली, "चेतनाला बोलावलंत का?" मी म्हणायचो, "बोलावलंय, तिला तिकीट मिळत नाही." ती म्हणायची, "बसने ये म्हणावं." शेवटच्या दिवशी सकाळीही तिने विचारलं. मी म्हणालो, निघाली आहे.

तुझ्या परीक्षेसाठी नव्हतं ते. तुला सांगितलं असतं तर ते खरं झालं असतं. मी घाबरलो होतो. त्यापलीकडे काही कारण नाही.

बाबा


सोलापूर, १० जून

चेतना,

हे पत्र छोटं आहे.

हृषीकेशने मला निरोप पाठवला, त्यात सोलापुरातल्या डोळ्यांच्या डॉक्टरांचं नाव आणि पत्ता होता. दुसरं काही नव्हतं. मी गेलो. डाव्या डोळ्यातला डाग वाळून गेला आहे, तो परत येणार नाही. डॉक्टर म्हणाल्या, "दिवाळीत यायला हवं होतं." उजव्यात पडद्याच्या मागं पाणी साचतं आहे. डोळ्यात इंजेक्शन देतील. महिन्याला एक, निदान तीन. आहे तेवढी नजर राहील कदाचित. थोडी सुधारेल कदाचित. खात्री नाही.

शहाजीचा फोन आला होता. "उडाली गुरुजी. समदी न्हाय, पर बरीच उडाली." आता मोजणीच्या कागदावर निरीक्षक म्हणून त्याचं नाव आहे. हृषीकेश शेजारी बसून लिहितो.

पहिली सुई गुरुवारी, १९ जूनला, सकाळी साडेनऊला. दवाखान्याचा पत्ता मागं लिहिला आहे. मोठ्या अक्षरात लिहिला आहे, कारण लहान मला लिहिता येत नाही.

मी फार घाबरलो आहे. वेळेआधी सांगतो आहे. येशील तर ये.

बाबा


सोलापूर, २१ जून

चेतना,

तू काल दुपारच्या गाडीने गेलीस. घर रिकामं आहे. उजव्या डोळ्याची पट्टी काढली, अजून लाल आहे, टोचतं. वहीच्या कागदावर स्केचपेनने लिहितो आहे.

त्या दिवशी काय झालं ते तुला माहीत आहे. पण माझ्या बाजूने काय झालं ते माहीत नाही, म्हणून लिहितो.

साडेनऊ वाजून गेले, तू नव्हतीस. मी मनाशी म्हटलं, बरोबर आहे. मला आत नेलं. डोळ्यात थेंब घातले, तोंडावर कापड टाकलं, डोळ्यापुरती खिडकी. तिथली सिस्टर, सुंदरम्मा, माझा हात दाबून म्हणाली, "सर, वर बघा. वरच बघा." सुई येताना दिसली नाही. एक दाब आला, आणि नजरेत काळे बुडबुडे तरंगायला लागले. मला वाटलं, संपलं. मी ओरडलो असेन. डॉक्टर म्हणाल्या, झालं, काही नाही, ते विरतील.

पट्टी बांधून मला बाहेर बाकावर बसवलं. एक डोळा झाकलेला, दुसऱ्यात फक्त कडा. शेजारी कुणीतरी बसलं. साबणाचा वास आला. तू म्हणालीस, "गाडी लेट होती."

मला वाटलं, तू पत्रं वाचून आली आहेस. मी म्हणालो, सगळं वाचलंस, तरी आलीस. तू म्हणालीस, "पाचही पत्रं आली. मी फक्त शेवटचं उघडलं. त्याच्यावर पत्ता फार वाकडा होता म्हणून."

चेतना, म्हणजे तुला काही माहीत नव्हतं. आई विचारत होती हे माहीत नव्हतं. मी गप्प बसलो असतो तर तू माझ्याबरोबर घरी आली असतीस, खिचडी टाकली असतीस, कदाचित मला माफही केलं असतंस. तुझ्याकडचा मे महिन्याचा तो बंद लिफाफा मी हळूच मागूनही घेतला असता. हे सगळं माझ्या डोक्यात आलं. एका क्षणात आलं. लपवायची सवय किती जुनी आहे ते बघ.

मग मी तुला सांगितलं. रांगेतली माणसं ऐकत होती, तरी सांगितलं. सात तारखेपासून रोज विचारायची. बसने ये म्हणावं म्हणाली. मी म्हणालो, निघाली आहे.

बाक हलला. तू उठलीस. मग मला काही ऐकू आलं नाही. तू गेलीस की तिथंच उभी आहेस, तेही मला कळेना. मी तुझ्या बाजूला हात पसरून बघितला, तर बाकाचं गार लोखंड. हाक मारायचं धाडस होईना, कारण तू गेली असतीस तर ते सगळ्यांना कळलं असतं. रांग पुढं सरकली. कुणाचं तरी नाव पुकारलं. बेटावर उभा होतो ना, तसाच बसलो होतो. पाय उचलायची भीती.

किती वेळ गेला ते तुलाच ठाऊक. सुंदरम्मा कुणाला तरी म्हणाली, "ताई, तुम्ही रडून घ्या, मी सरांकडे बघते." तेव्हा मला कळलं की तू भिंतीपाशी होतीस, पाच पावलांवर, सगळा वेळ.

मग तुझा हात माझ्या कोपराखाली आला. घट्ट, जरा दुखेल असा. तू माफ केलं म्हणाली नाहीस, मी विचारलं नाही. आपण दाराकडे निघालो. बाहेरचं ऊन पट्टीवरही कळलं. तू थांबलीस आणि म्हणालीस, "पुढं तीन पायऱ्या आहेत. मी सांगेन तेव्हा पाय टाका."

तू मोजल्यास. मी टाकले.